बोगीची तिसरी पदवी

समजा, तुमच्यासमोर एक कुत्री उभी आहे. तुमच्या मुठीत चार मुरमुरे आहेत आणि तिच्याकडून तुम्हाला एवढंच करवून घ्यायचंय, की तिनं जागच्या जागी डावीकडून एक गोल गिरकी घ्यावी. तिला ढकलायचं नाही, ओढायचं नाही, रागवायचं तर नाहीच. ‘डावीकडे’ म्हणजे काय हे तिला माहीत नाही, ‘गोल’ म्हणजे काय हेही नाही. माहीत आहे ते एवढंच, की तुमच्या मुठीत काहीतरी आहे. करा सुरुवात.

पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक तुम्हीच गोल फिराल आणि कुत्री बसून बघेल. माझं तसंच झालं होतं.

हे काम रत्नाकर गभणे रोज सकाळी सात वाजता, रायपूरच्या गुढियारी भागात, आपल्या घराच्या अंगणात करतात. आमचं घर त्यांच्या समोर. मी त्यांना काका म्हणते. मुरमुऱ्यांना ते इथल्या छत्तीसगढी लोकांसारखं मुर्रा म्हणतात, आणि मूठ कुत्रीच्या नाकाला लावून अशी हळूच फिरवतात की नाकामागे डोकं, डोक्यामागे पाठ आणि पाठीमागे शेपूट आपोआप वळत जातं. गिरकी पूर्ण झाली की मूठ उघडते. दुसऱ्या दिवशी मूठ नाकापासून वीतभर लांब, तिसऱ्या दिवशी हातभर. पंधरा दिवसांनी काका सहा फुटांवरून नुसता हात हलवतात आणि कुत्री फिरते. सांगायला सोपं आहे.

काका मूळचे तुमसरचे. बाविसाव्या वर्षी रेल्वेत लागले आणि रायपूरच्या यार्डात शंटिंग मास्टर म्हणून निवृत्त झाले. शंटिंग म्हणजे इंजिनानं डबे इकडून तिकडे ढकलून मालगाडी जुळवणं. ड्रायव्हर असतो लांब, मधे चाळीस डबे, आवाज पोचत नाही. मग शंटिंग मास्टरनं हात हळूहळू खाली-वर केला की इंजिनानं लांब जायचं, हात अंगासमोर डावी-उजवीकडे हलवला की जवळ यायचं, दोन्ही हात डोक्यावर नेले की थांबायचं. काकांनी हे चौतीस वर्षं केलं. घरातही ते तोंडापेक्षा हातानंच जास्त बोलतात. बायकोला, म्हणजे विमलाकाकूंना, आणखी भात नको असं सांगायचं असेल तर त्यांचे दोन्ही हात वर जातात. काकू म्हणतात, लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं की यांना कोणीतरी बंदूक दाखवून राहिलं आहे.

काका निवृत्त झाले त्याच महिन्यात बोगी आली. भाजीबाजारातून ते घरी येत होते आणि एक तांबडं, हडकुळं पिल्लू बरोबर चार पावलं मागे, त्यांच्याच वेगानं चालत आलं. फाटक उघडून काकूंनी आधी पिल्लाकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “रिटायर झाले, अन् येता येता एक बोगी जोडून आणली काय?” तेच नाव पडलं.

एक दिवस बोगी रस्त्यावर धावली. समोरून स्कूटर येत होती. काकांचे दोन्ही हात सवयीनं डोक्यावर गेले आणि बोगी जागच्या जागी थांबली. काकांनी ही गोष्ट गल्लीत किमान शंभर वेळा सांगितली असेल. त्यांच्या मते प्रश्न सुटला होता: इंजिन असो की कुत्री, इशारा स्वच्छ असला की झालं.

पदव्यांचं खूळ मात्र मी आणलं. बंगळुरूची एक संस्था आहे, कुत्र्यांच्या करामतींना पदव्या देते. व्हिडिओ पाठवायचा, परीक्षक तो पाहतात. जात-वंशाची अट नाही, वयाची नाही. पहिल्या पायरीला हातात खाऊ चालतो, दुसरीला चालत नाही. बोगीनं दोन्ही पायऱ्या दीड वर्षात ओलांडल्या. बसणं, पोट टेकून झोपणं, गिरकी, टोपली उचलून आणणं, मागे-मागे चालणं, पुढचे पाय पसरून नमस्कार. व्हिडिओ मी काढायचे, मुर्रा काकू पुरवायच्या, आणि प्रत्येक करामतीनंतर काका फोनच्या कॅमेऱ्याकडे अशा चेहऱ्यानं बघायचे की गाडी वेळेवर सुटली, नोंद घ्या. दुसरं प्रमाणपत्र आलं त्यावर ‘बोगी गभणे’ असं नाव होतं. काकांनी ते फ्रेम करून बैठकीत लावलं, आशयच्या डिग्रीच्या शेजारी. आशय त्यांचा मुलगा, पुण्यात असतो. त्यानं फोनवर एवढंच विचारलं, की वरच्या खिळ्यावर कोण आहे.

आमच्या मागच्या गल्लीत हिरालाल भैया राहतात. निवृत्त इंजिन ड्रायव्हर, अभनपूरकडचे, काकांचे यार्डातले जुने सोबती. त्यांच्याकडे लॅब्राडोर आहे. त्याला एकच गोष्ट येते, ती म्हणजे झोप. पण भैयांचं म्हणणं असं, की देसी कुत्री दोन पायऱ्या चढली हेच खूप झालं, तिसरी पायरी घराणेदार कुत्र्यांची. काकांनी यावर वाद घातला नाही. फक्त त्या दिवशी तिसऱ्या पायरीचे नियम मला तीनदा वाचायला लावले.

नियम असे होते. दहा करामती. कुत्र्यापासून सहा फूट अंतर, हात रिकामे. प्रत्येक करामतीला एकच इशारा, पंधरा सेकंद वेळ. सगळं एकाच न तोडलेल्या व्हिडिओत आणि तेही घराबाहेर. फॉर्मवर प्रत्येक करामतीसमोर लिहायचं, की इशारा कशाचा: हाताचा, आवाजाचा की आणखी कशाचा. एक करामत सक्तीची. मालकानं लांब ढांगा टाकत दहा पावलं चालायचं आणि कुत्र्यानं त्याच्या पायांमधून आठचा आकडा काढत सोबत जायचं. तेवढ्यापुरती सहा फुटांची सूट. बोगीची नोंदणी फेब्रुवारीअखेरपर्यंतच चालणार होती. त्यात जमलं नाही, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून.

लांब ढांगा हाच घोळ होता. काकांचा उजवा गुडघा खडीवरून चालून चालून गेलेला होता. काकू चार वर्षं ऑपरेशन करा म्हणत होत्या, काका दोन्ही हात वर करत होते. नियम ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला.

“मी सांगून राहिली चार वर्षं, तं ऐकाले नाई आलं,” काकू मला म्हणाल्या. “कुत्रीनं सांगितलं, तं लगेच तयार.”

ऑक्टोबरात गुडघा बदलला. मग समता कॉलनीत व्यायामाला जाणं सुरू झालं. तिथल्या फिजिओथेरपीच्या ताई काकांना आरशासमोर उभं करून एकच वाक्य ऐकवायच्या: दोन्ही पायांवर सारखं वजन टाका. काका शिस्तीचे. जानेवारीच्या मध्यापर्यंत ते असे सरळ उभे राहायला लागले की मागून मी त्यांना ओळखलं नाही.

बोगीनंही ओळखलं नाही, असंच पहिल्यांदा वाटलं.

अंगणात पहिल्या सकाळी काकांनी हात फिरवला. गिरकी. बोगीनं शेपूट हलवलं. त्यांनी हात खाली नेला. झोप. बोगीनं शेपूट हलवलं. दोन्ही हात डोक्यावर, नमस्काराचा इशारा, मागे जाण्याचा इशारा. बोगी प्रत्येक वेळी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहायची, की यांचं काय चाललंय. मुर्रा दाखवला की सगळं येत होतं. नुसत्या हाताला काहीच नाही. आठवडाभर हेच. काकांनी तिचे कान तपासून आणले, डोळे तपासून आणले, दोन्ही ठणठणीत. मग ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि बोगी त्यांच्या पायाशी पडून असायची.

“ते रुसली,” एकदा म्हणाले. “दवाखान्यात गेलो, सांगून नाई गेलो.”

मी नवा रायपूरला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. काल चालत होतं ते आज का चालत नाही, हाच प्रश्न मला दिवसभर असतो, आणि त्याचं उत्तर ‘रुसलं’ असं कधीच नसतं. जुने व्हिडिओ माझ्याकडे होते. रविवारी मी ते लॅपटॉपवर एकेक चित्र पुढे सरकवत पाहायला बसले. सेकंदाला तीस चित्रं असतात. गिरकीच्या व्हिडिओत काकांचा हात हलायला लागतो त्याच्या बारा चित्रं आधीच बोगीचा डावा कान वळलेला असतो. झोपेच्या व्हिडिओत चौदा चित्रं आधी. इशाऱ्याच्या आधी तिला इशारा मिळत होता.

लॅपटॉप उचलून मी समोर गेले. काका-काकू जेवायला बसले होते. सगळ्यात हळू वेगात मी व्हिडिओ लावला. मला स्वतःला तो आधीचा इशारा शोधायला तास लागला होता. काकूंना दोन सेकंद लागले.

“हात कुठं बोलून राहिला,” त्या म्हणाल्या. “बोलून राहिला तं गुडघा.”

तसंच होतं. दुखऱ्या गुडघ्यामुळे काका प्रत्येक करामतीच्या आधी अंग वेगळं सावरायचे. गिरकीच्या आधी सगळं वजन डाव्या पायावर जायचं आणि उजवी टाच उचलली जायची. झोपेच्या आधी उजवा पाय ताठ पुढे यायचा. नमस्काराच्या आधी तळहात मांडीवर दाबला जायचा. त्यांना हे माहीत नव्हतं. बोगीला माहीत होतं. आणि नवा गुडघा काही बोलतच नव्हता.

काकांनी मानलं नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी चाचणी घेतली. काकांना म्हटलं, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घाला, तोंड बंद ठेवा, आणि जुना गुडघा आठवून उभे राहा. त्यांनी उजवी टाच उचलली. बोगीनं गिरकी घेतली. पाय ताठ पुढे केला. बोगी झोपली. मग तर ती थांबेचना. तीन महिने बंद असलेलं रेडिओ स्टेशन लागावं तशी ती एकामागून एक सात करामती करून मोकळी झाली. काकू पायरीवर मटार सोलत होत्या. हसता हसता अर्धे दाणे अंगणात गेले आणि बोगीनं ते आठव्या करामतीचं बक्षीस समजून खाल्ले.

काका हसले नाहीत.

“चौतीस वर्षं हाताचा सिग्नल दिला मी,” ते म्हणाले.

तेवढ्यात हिरालाल भैया आले. त्यांना सगळं सांगितलं. सांत्वन करावं म्हणून ते काकांच्या शेजारी बसले आणि जे बोलले त्यानं उलटंच झालं.

“हाथ ला कोन देखत रहिस, मास्टर? हाथ उठाय के पहिली तैं टोपी ला पाछू सरकावत रहे. हमन टोपी देख के समझ जावन.”

म्हणजे यार्डातही कोणी हात पाहत नव्हतं. हात उचलण्याआधी काका टोपी मागे सरकवायचे, आणि ड्रायव्हर तेवढ्यावरून तयार व्हायचे. काकांनी नकळत डोक्याला हात लावला. टोपी नव्हती.

पाच आठवडे उरले होते, आणि उपाय अगदी सोपा होता. व्हिडिओपुरतं दहा मिनिटं जुन्यासारखं उभं राहायचं. पायांतून वळण्याची करामत बोगी मुर्रा पाहून शिकतच होती, बाकीच्या नऊ गुडघ्यानं होतील. भैयांनी तेच सुचवलं, मीही. काकूंनी नव्या गुडघ्याची काळजी म्हणून नाही म्हटलं. काकांचं नाही वेगळ्या कारणाचं होतं. फॉर्ममधला तो रकाना. तिथे हात लिहायचा आणि गुडघ्यानं काम करवायचं, हे त्यांना चालणार नव्हतं.

मी परीक्षक राधिकाताईंना लिहून विचारलं. त्यांचं उत्तर लगेच आलं आणि फार प्रेमळ होतं. अंगाचा कोणताही इशारा चालतो, फक्त फॉर्मवर तसं लिहा. ‘गुडघा’ लिहिलं तरी हरकत नाही, त्यांच्याकडे एकजण भुवईनं इशारा देतात. मी आनंदानं हे वाचून दाखवलं.

काकांनी ऐकून घेतलं. “मी शंटिंग मास्टर आहो, पोरी,” ते म्हणाले. “गुडघ्याचा सिग्नल नियमात कुठीच नाई. मी हातानंच शिकवीन.”

कुत्रीला जुना इशारा सोडवून नवा शिकवायची एक रीत आहे. आधी नवा इशारा द्यायचा, एक सेकंद थांबायचं, मग जुना. उलट क्रम केला तर काही उपयोग नाही, कारण जुना कळला की ती नव्याकडे बघायची तसदीच घेत नाही. नव्यानंतर जुना येतोच हे तिच्या ध्यानात आलं, की ती जुन्याची वाट न बघता काम करून टाकते. माणसंही बॉसचं वाक्य असंच मधे तोडतात.

तर काका हात हलवायचे, मनात एक म्हणायचे, आणि मग नाटकातल्यासारखी उजवी टाच उचलायचे. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटं. अडचण ही, की गुडघा कधी मुद्दाम वाकला आणि कधी सवयीनं, हे त्यांचं त्यांना कळायचं नाही. मग काकूंना इन्स्पेक्टर नेमलं. त्या पायरीवर बसून फक्त पायांकडे बघायच्या आणि चुकून जरा हललं की म्हणायच्या, “गुडघा.” भाजी चिरताना, फोनवर बोलताना, एकदा तर आशयशी बोलताना मधेच. पुण्यात तो घाबरला.

बारा दिवसांनी गिरकी हातावर आली. मग मागे चालणं, टोपली, नमस्कार. पायांतून वळणं सगळ्यात लवकर जमलं, कारण ते दोघंही नव्यानंच शिकत होते. नव्या गुडघ्यानं काका ढांगा टाकायचे आणि बोगी सुईतल्या दोऱ्यासारखी आत-बाहेर जायची. राहिली एक झोप. सहा फुटांवरून हात खाली नेला की ती काकांच्या उजव्या पायाकडे बघत उभी राहायची. दहापैकी सहा वेळा झोपायची, चार वेळा नाही. फेब्रुवारीचे तीन दिवस उरले तेव्हाही सहा-चारच होतं.

सव्वीस तारखेला सकाळी आम्ही तेलीबांधा तलावावर गेलो. गर्दी व्हायच्या आधी काठावरचा एक मोकळा तुकडा पकडला. हिरालाल भैया लॅब्राडोरला घेऊन आले, तो येताच बाकाखाली आडवा झाला. मी फोन तिपाईवर लावला. काकू माझ्यामागे उभ्या.

नऊ करामती अशा झाल्या की मला कॅमेऱ्यामागे काही कामच नव्हतं. फिरायला आलेले चार-पाच लोक थांबले. दोघांनी टाळ्या वाजवल्या, त्याकडेही बोगीनं लक्ष दिलं नाही. मग झोप.

काकांनी सहा फुटांवरून हात खाली नेला, परत जागेवर आणला आणि थांबले. बोगी उभी. तिची नजर काकांच्या उजव्या गुडघ्यावर, सुट्टीची घंटा कधी होते म्हणून शाळेतलं पोर घड्याळाकडे बघतं तशी. पाच सेकंद. दुसरा इशारा देता येत नव्हता. पाय जरासा पुढे केला असता तर ती त्याच क्षणी झोपली असती, आणि पँटमधून ते बंगळुरूला कोणालाही दिसलं नसतं. सात सेकंद. भैया पुटपुटले, “दे ना मास्टर, थोरकिन.” म्हणजे थोडासा तरी दे. काका खांबासारखे उभे होते. त्यांच्या कपाळावरचा घाम मला तिथून दिसत होता. काकू माझ्या खांद्याला धरून होत्या आणि ‘गुडघा’ म्हणायला तोंड उघडूनही काही म्हणत नव्हत्या, कारण म्हणण्यासारखं काही हलतच नव्हतं.

अकराव्या सेकंदाला बोगीनं गुडघ्यावरची नजर वर उचलली, काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पोट टेकलं.

काकांनी फॉर्ममध्ये दहाही करामतींसमोर स्वतःच्या अक्षरात ‘हात’ लिहिलं. आठवड्यानं राधिकाताईंचं पत्र आलं. तिसरी पदवी मिळाली होती. भैया येऊन “हव, मान गेंव,” म्हणजे हो, मानलं, असं म्हणून गेले. काकूंनी शिरा केला, बोगीलाही चमचाभर.

त्याच संध्याकाळी काका लॅपटॉप मागायला आले. तेलीबांध्याचा व्हिडिओ सगळ्यात हळू वेगात लावायला सांगितला. एकेक चित्र पुढे सरकवत आम्ही दोघांनी तो पाहिला. पडद्याला पट्टी लावून मी गुडघ्याची रेघ मोजली. पायांतून वळण्याच्या चालण्यात हलले तेवढेच, एरवी दोन्ही गुडघे कुठेच वाकले नव्हते. खांदे स्थिर, डोक्यावर टोपी नाही. आणि झोप सोडली तर प्रत्येक करामतीत हात हलायच्या आठ-नऊ चित्रं आधी बोगीचा कान वळलेला.

मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. पुन्हा तेच. काकूंना बोलावलं, तर त्या समोरच्या आपल्या पायरीवरूनच म्हणाल्या, की एवढे दिवस तिची परीक्षा घेतली, आता तिलेच विचारा.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पडद्याच्या आणखी जवळ सरकले.

“फारमवर मी हात लिहिला,” ते म्हणाले. “गुडघा तं आता गप्प आहे. हातही अजून हलला नाई. मंग पोरी, हे बोगी पाहून काय राहिली?”